तांबड्या बादल्या आणि मागचं दार

ज्याचं काम सुरळीत चालतं त्याच्याजवळ सांगायला काही नसतं, हे मी पाहिलंय. आमच्या धारवाडच्या मळमड्डीत पेन्शन घेऊन बसलेले शिरस्तेदार आहेत, मास्तर आहेत. कट्ट्यावर बसले की पाच मिनिटांत गप्प होतात. माझं तसं नाही. मी सहा वर्षं हुबळीच्या एका कापसाच्या जिनात ‘फायर इन्चार्ज’ होतो, आणि ज्या नोकरीत रोज कपाळावर हात मारून घ्यायची पाळी येते, तिथले किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपले साठत जातात. आता माझं डोकं शांत असतं म्हणून सांगतो. तेव्हा नसायचं.

*

फायर इन्चार्ज मी झालो कसा, तर इंग्रजी येतं म्हणून! मी पत्रव्यवहाराचा कारकून होतो. आमचे मालक अण्णासाहेब यांच्याकडे विमा कंपनीने मुंबईहून एक पुस्तक पाठवलं, कारखान्यात आगीपासून बचाव कसा करावा याचं. अण्णासाहेबांनी ते उलटं धरून चित्रं पाहिली आणि माझ्यापुढे टाकलं. “तुम्ही वाचा, आणि तुम्हीच करा,” म्हणाले. झाली नेमणूक.

मी वाचलं, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. जिन म्हणजे रुईपासून सरकी वेगळी करायची जागा. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना यंत्रं, त्यांना कापूस भरवायला चौतीस बायका, आणि हवेत इतके तंतू उडत असायचे की दहा मिनिटांत भुवया पांढऱ्या. कापसातून एखादा खडा यंत्रात गेला की ठिणगी पडते. त्याला बिडी ओढणारा माणूसही लागत नाही. हॉलला दारं दोन. पुढचं उघडं, पण त्याच्या तोंडाशीच कापसाचा ढीग. मागच्याला बाहेरून हे एवढं कुलूप, आणि त्याची किल्ली अण्णासाहेबांच्या जानव्याला.

मी म्हटलं, पुस्तकात पहिलंच कलम आहे, दोन्ही दारं उघडी पाहिजेत. पुढे आग लागली तर या बायका कुठून बाहेर पडणार?

अण्णासाहेब म्हणाले, “आग लागली तर एकदा लागेल. मागच्या दाराने कापूस रोज जाईल.”

मी लेखी अर्ज दिला. तो त्यांनी वाचून घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. दर हंगामाला मी एक अर्ज देत असे आणि दर हंगामाला ते घडी करत.

*

दार नाही तर नाही, निदान बादल्या तरी, म्हणून मी बारा बादल्या तांबड्या रंगवून हॉलमध्ये खुंट्यांना टांगल्या. पाण्याने भरल्या. आठ दिवसांनी मोजल्या तर सात. एक गोठ्यात, एक फिटरच्या मोरीत, एकीत अण्णासाहेबांच्या घरी चुना भिजत घातलेला. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुस्तकात यावर उपाय होता. विलायतेत म्हणे बुडाला गोल असलेल्या बादल्या करतात. जमिनीवर ठेवली की कलंडते, म्हणून कुणी चोरत नाही. काय डोकं आहे, म्हटलं! मुंबईला पत्र लिहून गोल बुडाच्या बारा बादल्या मागवल्या. आल्या त्या दिवशी मी सगळ्यांना जमवून त्यांची करामत दाखवली. बादली ठेवली, कलंडली. बायका तोंडाला पदर लावून माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या का हसताहेत ते मला कळलं नाही.

दुसऱ्या सोमवारी नळावर गेलो. बाराच्या बारा बादल्या ओळीने उभ्या, प्रत्येकीखाली चिंधीची चुंबळ! गोल बुडाची घागर जिच्या जन्मापासून डोक्यावर आहे, तिला साहेब शिकवणार बादली कशी कलंडते ते. वर बायकांची मुकादम यल्लव्वा मला म्हणाली, या बादल्या जुन्यांपेक्षा चांगल्या आहेत, आणखी चार मागवा.

*

मग मी वाळूवर आलो. वाळू कोण नेणार? फाटकापाशी चार बादल्या कोरड्या वाळूच्या ठेवल्या आणि राखणदार बसप्पाला बजावलं की ही वाळू जिवापाड सांभाळायची. बसप्पा पन्नाशीचा, अळणावरकडचा, मनाने अगदी सरळ. “हौद्री रायर,” म्हणाला. ‘रायर’ म्हणजे रावसाहेब. तो प्रत्येक गोष्टीला ‘हौद्री’च म्हणायचा, म्हणजे ‘हो जी’. तेच त्याच्या बाबतीत वाईट होतं.

काही दिवसांनी फाटकातून आत येताना खमंग वास आला. पाहतो तर बसप्पाने तीन दगडांची चूल मांडलेली, वर लोखंडी कढई, कढईत माझी वाळू, आणि वाळूत भुईमुगाच्या शेंगा भाजताहेत. कापसाच्या कारखान्याच्या फाटकात, आग विझवायच्या वाळूखाली आग!

मी इतका ओरडलो की फिटर धावत आला. बसप्पाला माझा राग खरोखरच समजला नाही. तो म्हणाला, वाळू मी परत बादलीत ठेवतो, एक मूठ कमी होत नाही. मग जरा विचार करून त्याने मला शंका विचारली, “गरम वाळूनं आग विझत न्हाई काय, री?”

चुलीशेजारी एक खोकं होतं. ते काय म्हणून विचारलं. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या काड्यापेट्या काढून घ्यायचा हुकूम मीच दिला होता. तीन महिन्यांच्या काड्यापेट्या त्या खोक्यात नीट रचून ठेवलेल्या होत्या, चुलीपासून हातभर अंतरावर. हुकूम त्याने शब्दशः पाळला होता. मी शेंगा खाल्ल्या आणि ऑफिसात जाऊन डोकं धरून बसलो. शेंगा चांगल्या भाजल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे.

*

घरीसुद्धा सुख नव्हतं. आमच्याकडे आत्या होती, कडक सोवळ्याची. स्वयंपाक ती लोकरी धाबळी नेसून करायची, धाबळी सोवळ्याची म्हणून. मी पुस्तकातलं ज्ञान घरी आणायला लागलो होतो. चुलीजवळ पाण्याची बादली भरून ठेव, पदर खोचून घे, लुगडं पेटलं तर पळू नको, जमिनीवर लोळ, जाड कांबळं अंगावर घाल. आत्या भाकरी थापत ऐकून घ्यायची.

एकदा मी तिला लोळायचं कसं ते उंबऱ्याशी उभा राहून हातवारे करून सांगत होतो. माझ्या उपरण्याचं टोक आतल्या शेगडीवर गेलं आणि भस्सकन पेटलं. मी काय केलं असेल? पळालो! अंगणापर्यंत पळालो. पुस्तकात ‘पळू नये’ या ओळीखाली मी स्वतः रेघ मारली होती.

आत्या मागून आली, तिने नेसत्या धाबळीचा घोळ माझ्या खांद्यावर दाबला आणि आग विझवली. लोकरीने विझली ती. मग ती माझ्यावर जी कडाडली, ती आगीबद्दल नाही. मला शिवल्यामुळे तिला पौषातल्या थंडीत दुसऱ्यांदा आंघोळ करावी लागली. त्यानंतर घरात मी त्या विषयावर बोलायचं सोडलं.

*

अण्णासाहेबांना माझी एकच वस्तू आवडली, ती म्हणजे आग विझवायचं नळकांडं. टोपीसारखं निमुळतं, तांबडं, पितळी तोंडाचं. उलटं करून खुंटी जमिनीवर आपटली की आतली औषधं एकत्र होऊन फेसाळ पाण्याची पिचकारी सुटते. अशी दोन आली. अण्णासाहेबांनी ती हॉलमध्ये न लावता आपल्या बैठकीत, खुर्चीच्या दोन बाजूंना लावली. येणारे व्यापारी विचारायचे, हे काय, आणि ते सांगायचे, मुंबईचं आहे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. यंत्रांबरोबर नळकांडीही चौरंगावर बसली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि पितळी तोंडात गंधाचा भलामोठा गोळा. मी म्हटलं, तोंड बुजलं तर पाणी कुठून येणार? भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरकलो.

आरतीत कापूर उडाला आणि चौरंगामागचा पडदा पेटला. मी पुढे झालो, नळकांड्याला हात घातला, आणि अण्णासाहेबांनी माझं मनगट धरलं. “आज पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही. उद्या,” म्हणाले.

पडदा जळत होता आणि ते मला उद्या सांगत होते! शेवटी बसप्पाने पडदा ओढून खाली आपटला आणि अंगावरची घोंगडी त्यावर टाकून तुडवला. नळकांडी कोरडीच राहिली, आणि त्यांची पूजा यथासांग झाली म्हणून भटजींनी समाधान व्यक्त केलं.

*

एका हंगामात मी कवायत घेतली. घंटा झाली की सगळ्या बायकांनी हॉलमधून बाहेर पडायचं, बस्स. घंटा दिली. बायका आल्या, पण भाकरीची गठुडी घेऊन, कारण घंटा म्हणजे जेवायची सुट्टी. मी परत आत पाठवल्या आणि थाळी वाजवली. कुणी हललं नाही. थाळी कुणी वाजवतं ते मूल झालं म्हणून, असं यल्लव्वाने समजावलं आणि कुणाला झालं म्हणून विचारलं.

तिसऱ्या खेपेला निघाल्या. पुढच्या दारात कापसाच्या ढिगाला वळसा घालून एकेकीने बाहेर यायला इतका वेळ लागला की मला घाम फुटला. धूर नाही, ज्वाळा नाही, घाई नाही, तरी एवढा वेळ. खरोखरी पेटलं तर निम्म्या आतच राहतील, हे मला डोळ्यांनी दिसलं. मी तसाच अण्णासाहेबांकडे गेलो. त्या दिवशी मी हात जोडले, हे सांगायला लाज वाटत नाही. एक किल्ली माझ्याकडे द्या, मी जबाबदार, म्हणालो.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, कवायत आदल्या दिवशी सांगून घेत चला, म्हणजे लवकर निघतील.

*

आणि मग व्हायचं ते झालं. चैत्रातली दुपार होती. अण्णासाहेब धारवाडला कोर्टात गेले होते, म्हणजे किल्लीही धारवाडला कोर्टात गेली होती. मी ऑफिसात बसून त्या वर्षीचा अर्ज लिहीत होतो. ‘मागील दाराबाबत’ एवढं लिहून झालं होतं, तोच फिटर ओरडला.

पुढच्या दारातला ढीग पेटला होता. यंत्रात खडा आला, ठिणगी उडाली, आणि दाराच्या चौकटीपर्यंत सगळं लाल. आत जाता येईना, आतलं दिसेना. फिटर आणि बसप्पा वाळू मारत होते, हमाल विहिरीवरून पाणी आणत होते. मी आतल्या बायकांना हाका मारल्या. यंत्रांचा आवाज बंद झाला होता, आणि आतून एकही हाक आली नाही. सहा वर्षांत मी जे काही केलं ते सगळं कागदावर होतं, आणि चौतीस बायका आत होत्या.

कुऱ्हाड घेऊन मी मागे धावलो. कुलूप तोडायचं, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

मागे कडुनिंबाखाली बायका बसल्या होत्या. काही जणी पोरांना अंगावर पाजत होत्या. यल्लव्वा उभी राहून बोट दाखवून मोजत होती. तिने चौतीस मोजल्या, मग मला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला. मी दाराकडे वळलो. कुलूप जिथल्या तिथे होतं. पण दाराची एक फळी चौकटीपासून बिजागरीच्या बाजूने सुटून आत कलली होती, आणि तिच्या बिजागऱ्यांतून काढलेल्या दोन्ही सळया भिंतीच्या कोनाड्यात नीट ठेवलेल्या होत्या. तेल लावलेल्या.

तान्ही पोरं आत आणायला बंदी होती. ती मागे झाडाखाली एका म्हातारीजवळ असायची. पोरं पाजायला पुढून गेलं तर हजेरीवाल्याला नाव सांगावं लागे, म्हणून पहिल्या हंगामापासून त्या अशाच जात-येत होत्या. कुऱ्हाड माझ्या हातातून खाली पडली, आणि मी तिथेच मातीत बसलो. रडू आलं, ते बायकांसमोर आलं.

संध्याकाळी अण्णासाहेब आले. ढीग विझला होता. तोवर फळी परत बसली होती, सळया जागच्या जागी. त्यांनी मागे जाऊन कुलूप दोनदा हिसडून पाहिलं, किल्ली जानव्याला आहे ना ते चाचपलं, आणि मला म्हणाले, “बघा. कुलूप शाबूत, आणि एकही बाई भाजली नाही. उगीच तुम्ही सहा वर्षं माझं डोकं खाल्लंत.”

यल्लव्वा बाजूला उभी राहून ऐकत होती.

ते गेल्यावर मी तिला विचारलं. माझा जीव सहा वर्षं त्या दारात अडकला होता, अक्का, तुला रोज दिसत होतं, एका शब्दाने तरी सांगायचंस.

“तुमास्नी सांगितलं असतं रायर,” ती म्हणाली, “तर तुमी लिवून दिलं असतं की.”