तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं घासलेल्या या माणसाला सगळे कंपाउंडरच म्हणत. बायको होती तोवर तीसुद्धा. स्वभावाने महाखाष्ट. कुत्र्याला सुई टोचायच्या आधी त्याच्या मालकाला चार शब्द टोचल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "आठ दिवस खात नाही आणि आज आणताय? स्वतः आठ दिवस उपाशी राहून बघा की!" लोक चिडत, तक्रारी करत, पण जनावर धरायला कंपाउंडरच हवा असे. कितीही पिसाळलेलं जनावर त्याच्या हाताखाली गप्प पडे. माणसांशी मात्र त्याचं कधी जमलं नाही आणि जमवायची त्याला हौसही नव्हती.

बरं न होणारं जनावर कायमचं झोपवायचं असलं, की कागदावर सही डॉक्टरांची आणि हात याचा. त्यासाठी त्याने स्वतःपुरता एक नियम केला होता. मालकाला तीनदा विचारायचं. एकदा आल्या आल्या. मग त्याला फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायला लावायचं आणि पुन्हा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारायचं ते औषधाने जनावराचं दुखणं थांबवून, ते शांत पडलेलं असताना. "पहिल्यांदा माणूस घाबरून हो म्हणतो," तो सांगे, "दुसऱ्यांदा थकून. तिसऱ्यांदा म्हणेल ते खरं." तिसऱ्यांदा विचारल्यावर जनावर उचलून घरी घेऊन गेलेले त्याने पुष्कळ पाहिले होते. जे थांबत, त्यांना तो जनावराचं डोकं धरायला लावी. बाहेर उभं राहून रडणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि एका सकाळी पुतण्याचा फोन आला.

"काका, बाबा अंथरुणाला खिळलेत. तुम्हाला बोलावलंय."

"कोणाचे बाबा?" कंपाउंडर म्हणाला. कोणाचे ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

थोरल्या भावाचं तोंड पाहून अकरा वर्षं झाली होती. थोरला बस डेपोत कंट्रोलर. कोणती गाडी कधी सुटणार हे ठरवता ठरवता तो घरातल्या माणसांचंही ठरवायला लागला होता. आई शेवटची आजारी पडली तेव्हा तिने धाकट्याचा हात धरून सांगितलं होतं, "मला नळ्या नकोत रे. घरी ने." थोरल्याने ऐकलं नाही. तिला एकेचाळीस दिवस यंत्राला जोडून ठेवली. धाकटा हॉस्पिटलात भांडायला गेला, तर थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "हा तुझा ढोरांचा दवाखाना नाही. इथे माणसं मारत नाहीत." आणि वॉचमनला सांगून त्याला बाहेर काढलं. आई गेल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून कळलं. हे कंपाउंडर विसरला नव्हता आणि विसरण्याचा त्याचा विचारही नव्हता.

तरी तो गेला. थोरल्याला आडवा पडलेला बघायला मिळेल हे एक कारण त्यात होतंच, खोटं कशाला बोला.

थोरला मागच्या खोलीत लोखंडी कॉटवर होता. कॅन्सर मणक्यात पसरला होता. समोर भिंतीवर डेपोने निरोपाच्या वेळी दिलेलं घड्याळ, टेबलावर थर्मास आणि औषधांचा प्लास्टिकचा डबा. कंपाउंडरने दारातूनच त्याला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. अठ्ठेचाळीस किलो, त्याचं डोकं आपोआप म्हणालं, आणि पाठोपाठ त्या वजनाला किती औषध लागेल तेही. एकतीस वर्षांची सवय ती. तो कॉटपाशी गेला आणि काही सुचेना म्हणून थोरल्याचा ओठ अंगठ्याने वर करून हिरड्या बघू लागला.

"मी काय कुत्रा आहे?" थोरला म्हणाला.

"कुत्र्यांवर माझी माया आहे," कंपाउंडर म्हणाला आणि हात काढून घेतला.

थोरल्याने पुतण्याला बाहेर पाठवलं. "तुझ्याकडे ते औषध असेल," तो म्हणाला. "जनावरांचं."

ते होतं. निवृत्त होताना एक बाटली पिशवीत घालून का आणली आणि आज ती पिशवी बरोबर का घेतली हे कंपाउंडरला स्वतःलाही कधी नीट सांगता आलं नसतं. "आहे," तो म्हणाला.

"मग सोडव मला."

"इथे माणसं मारत नाहीत, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच. आई अशी दुखत पडली असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं."

"वाटून घेतलं नाहीस. ती सांगत होती."

थोरल्याने माफी मागितली नाही. तेवढ्यात त्याला कळ आली. त्याने उशीचा कोपरा दातांत धरला, तरी आवाज बाहेर पडलाच. कळ ओसरल्यावर कंपाउंडरने विचारलं, "नक्की सोडवू?" थोरल्याने मान हलवली. फाटकापर्यंत चालायला लावावं तर याला उठून बसता येत नव्हतं. म्हणून कंपाउंडर स्वतःच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि त्याने पुन्हा विचारलं. थोरला म्हणाला, "हो म्हटलं ना एकदा!"

तिसऱ्यांदा विचारायचं तर आधी दुखणं थांबायला हवं होतं. कंपाउंडरने औषधांचा डबा उपडा केला. मॉर्फिनच्या गोळ्यांची पाकिटं जवळजवळ भरलेली. चिठ्ठीवर दर चार तासांनी एक असं स्वच्छ लिहिलेलं.

"दिवसाला किती देतोस रे?" त्याने पुतण्याला विचारलं.

"एक. फारच ओरडले तर दोन," पुतण्या म्हणाला. "सवय लागते म्हणतात, काका. आणि गोळी दिली की बाबा नुसते झोपून राहतात."

कंपाउंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सवय? तुझा बाप महिन्याभराचा सोबती नाही, आणि तुला त्याच्या सवयीची काळजी? अरे, मी बैलालासुद्धा असा तळमळत ठेवला नाही कधी! कोणाला विचारून औषध कापलंस?" पुतण्या रडायला लागला. "रडू नकोस माझ्यासमोर. डॉक्टरांना फोन लाव."

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गोळ्या मोजल्या, पुतण्याला कंपाउंडरपेक्षा कमी शब्दांत पण तितकंच झापलं आणि औषध वाढवून दिलं. थोरल्याला त्यांनी सरळ सांगितलं, "नळी नको, यंत्र नको, हॉस्पिटल नको, हे तुम्ही म्हणू शकता. लिहून द्या, मी ते पाळेन. मरणाचं इंजेक्शन मात्र मी देणार नाही. दुसऱ्या कोणी दिलं तर कायदा त्याला खून म्हणतो." हे म्हणताना त्यांनी कंपाउंडरकडे का पाहिलं कोण जाणे. पिशवी त्याच्या पायाशीच होती. थोरल्याने सही केली.

कंपाउंडर त्या घरीच राहिला. गोळ्या त्याने पुतण्याच्या हाती पडू दिल्या नाहीत. पाचव्या दिवशी थोरल्याने दाढी करून घेतली, वाटीभर पेज प्यायली आणि पेज पाणचट झाली म्हणून सुनेला बोल लावला. पुतण्या खूश झाला. "बघा काका, आता बाबा तो विषयसुद्धा काढणार नाहीत." कंपाउंडरलाही तसंच वाटत होतं. तसंच व्हावं असं त्याला फार वाटत होतं.

त्याने दार लोटून घेतलं. "दुखतंय?"

"नाही."

"मग तिसऱ्यांदा विचारतो."

थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "दुखत नाही, तरी हो. दुसऱ्याने मला कुशीवर वळवायचं, दुसऱ्याने पुसायचं. गाडी सुटणार हे तर ठरलंय. कधी सोडायची ते मला ठरवू दे."

कंपाउंडर त्याच्याच नियमात अडकला होता. त्याने पिशवीतून बाटली काढली. एकतीस वर्षांत असली बाटली हातात घेताना त्याचा हात कापला नाही असं एकदाही झालं नव्हतं. जनावर धरणारे हात हेच, पण बाटलीशी कापत, आणि तो ते लोकांपासून लपवून ठेवी. आज हात कापत नव्हता. कंपाउंडर आपल्या हाताकडे बघत राहिला आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याने बाटली पुन्हा पिशवीत टाकली.

"मी नाही करणार."

"तुरुंगाला घाबरलास?"

"नाही. मला तुझा राग येतो, दादा. इतका येतो, की हे मी तुला सोडवायला करतोय की आईचा सूड घ्यायला, तेच मला कळत नाही. एकाही जनावरावर माझा राग नव्हता."

"असू दे राग. मला चालतो."

"मला चालत नाही."

"मग तीनदा विचारलंस कशाला?" थोरला म्हणाला. कंपाउंडरने पिशवी बंद केली. "भित्रा कुठला," असं म्हणून थोरल्याने डोळे मिटले.

ती बाटली कंपाउंडरने जुन्या दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि कुठून आली ते न सांगता तो परत आला. पुढे एकोणीस दिवस त्याने घड्याळ बघून गोळ्या दिल्या, कूस बदलली, चादरी बदलल्या, अंग पुसलं. थोरला सुनेशी बोलायचा, डॉक्टरीणबाईंशी बोलायचा. याच्याशी एक अक्षर बोलला नाही.

विसाव्या दिवशी दुपारी श्वास अडकायला लागला. पुतण्याने अँब्युलन्ससाठी फोन उचलला. कंपाउंडरने त्याचं मनगट धरलं. "त्याने सही केली आहे. आईसारखं याचं करायचं नाही." मग नेहमीसारखं म्हणाला, "डोकं धर बापाचं."

"मला नाही जमणार, काका," पुतण्या म्हणाला आणि बाहेर पळाला.

कंपाउंडरने त्याच्या नावाने एक शिवी हासडली. आता खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो उशाशी बसला आणि थोरल्याचं डोकं त्याने दोन्ही हातांत धरलं. हात कापत होते. थोरल्याने डोळे उघडून कोण आहे ते पाहिलं आणि डोकं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तेवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती. कंपाउंडरने हात काढले नाहीत.