गाठीमागची गुंडी

लुंगीवर टाय घालून भर बाजारातून सायकल मारणारा माणूस कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत एकच झाला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. ते माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. निपाणीच्या बाजारात त्यांचं स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन दुकानांच्या मधे उरलेली फट होती ती. त्यात दाजी, एक ऐरण, रॉकेलचा वास आणि गावातले निम्मे बिघडलेले स्टो एवढं सगळं कसं मावायचं ते त्यांनाच ठाऊक. बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही काकतीला गेलो, तेव्हा पाव्हण्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. चहा यायच्या आत ते दाजींच्या मांडीवर उघडं पडलं होतं. मुलगी येऊन पोह्यांच्या बशा ठेवून गेली, तरी ह्यांची मान वर नाही. मुलीच्या वडलांनी शेवटी मला हळूच विचारलं, की हे मुलगी बघायला आलेत की घड्याळ. घड्याळ चालू झालं आणि लग्नही ठरलं, म्हणून निभावलं.

पण दाजींचा खरा ध्यास घड्याळांचा नव्हता, स्टोचाही नव्हता. सात-आठ वर्षं हा माणूस एकाच गोष्टीच्या मागे होता. शर्टाच्या गळ्याशी लावायची अशी एक गुंडी त्यांना बनवायची होती, की जिच्यामुळे टाय जागचा हलणार नाही. आता निपाणीत टाय घालणारी माणसं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली असती. त्यामुळे लोक हसायचे, आणि कारण कळेपर्यंत मीही हसलो.

कारण समजायचं तर आमच्या वस्तीची रीत सांगितली पाहिजे. आमच्यातले बहुतेक आईबाप तेव्हा तंबाखूच्या वखारीत कामाला जात. पोराच्या लग्नात एक वेळ जेवणात गोड कमी चालायचं, पण नवरदेवाच्या अंगावर कोट आणि गळ्यात टाय नाही हे चालायचं नाही. घरोघरी भिंतीवर ज्यांची तसबीर होती, त्यांच्या अंगावर कोट-टाय होता. तेव्हा आयुष्यातला एक दिवस तरी आपलं पोर तसं दिसावं, ही प्रत्येक आईची हौस. कोट मात्र अख्ख्या वस्तीत मिळून एकच, दाजींच्या थोरल्या भावाचा. त्यांना सगळेच आण्णा म्हणत. आण्णा वस्तीतले पहिले मॅट्रिक. बेळगावला कॅम्पात कारकुनी करताना त्यांनी तो शिवून घेतला आणि टाय बांधायलाही तिथंच कुणाकडून तरी शिकले. दाजींच्या लग्नात त्यांनी तो कोट धाकट्या भावाच्या अंगावर चढवला, डाळिंबी रंगाचा टाय स्वतःच्या हातांनी त्याच्या गळ्यात बांधला, आणि पुढच्याच आठवड्यात ते मस्कतला नोकरीवर गेले. जाताना म्हणाले, "गाठ सोडू नगंस. तुला बांधाय येनार न्हाय. मी आलो की नव्यानं बांधून देतो." पहिलं वर्षभर पत्रं आली. मग सणासुदीला एखादं, आणि मग तीही थांबली. इकडून पाठवलेली पत्रं परत आली. आण्णा आहेत की नाहीत, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. दाजींच्या लेखी ते यायचे होते, आणि ते येईपर्यंत गाठ सुटता कामा नये, एवढं साधं गणित होतं.

म्हणून तो टाय कधी सुटला नाही. फास सैल करून डोक्यावरून काढायचा आणि खिडकीशेजारच्या खुंटीवर अडकवायचा, असा त्याचा शिरस्ता. दर लगीनसराईत कोट आणि टाय घरोघर फिरायचे. जाड नवरदेवाच्या लग्नात कोटाची बटणं उघडी राहायची, बारक्याच्या लग्नात आतून दोन शर्ट घालायचे, पण टाय सगळ्यांना बसायचा. भानगड नाचताना व्हायची. हलगी वाजायला लागली की मित्र नवरदेवाला खांद्यावर घ्यायचे, झेंडूच्या हारांचं ओझं पडायचं, आणि टाय घसरत घसरत कानाखाली जायचा. मग कुणीतरी हौशी मामा पुढे होऊन गाठीला धरून तो वर ओढायचा. त्या प्रत्येक ओढीला दाजींचा जीव कासावीस व्हायचा. मी त्यांना मांडवात जेवणाचं पान सोडून धावताना पाहिलंय. "गाठीला हात लावू नगा," असं ओरडत ते नवरदेवाच्या गळ्याशी झोंबायचे, आणि मुलीकडच्यांना वाटायचं की भांडण लागलं.

तेव्हा गाठीला कुणाचा हातच लागू नये, यासाठी ती गुंडी. मी त्या वेळी बेळगावात एका कचेरीत कारकून होतो. शनिवारी एसटीनं निपाणीला आक्काकडे जायचं, रविवारी राहायचं, असा माझा क्रम. दर रविवारी नवी गुंडी तयार असायची. पहिली छत्रीच्या स्प्रिंगची. ती लावून दाजी शिंकले आणि गुंडी उडून वरणाच्या पातेल्यात पडली. दुसरीत त्यांनी जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं लोहचुंबक बसवलं. टाय जागच्या जागी राहिला हे खरं, पण केस कापायला बसल्यावर न्हाव्याची कात्री येऊन गळ्याला चिकटली. त्यानंतर कित्येक दिवस तो न्हावी दाजींना बघून दुकानाची फळी लावून घ्यायचा. तिसरी स्टोच्या वायसरची. तिचा वास इतका की टाय हलला काय अन् न हलला काय, जवळ येऊन बघायला कुणी तयार नव्हतं. ह्या चाचण्यांसाठी दाजींनी एक वेगळा टाय चादरीच्या पट्टीचा शिवून घेतला होता. तो गळ्यात घालून ते विहिरीवर पाणी शेंदत, खड्ड्यांच्या रस्त्यानं सायकल हाणत, वाकून चूल फुंकत. लुंगी बदलायची तसदी कशाला घ्यायची, असा त्यांचा सवाल असे, कारण परीक्षा गळ्याची होती.

एकदा मी त्यांना बेळगावच्या एका कानडी व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो. गुंड्या, लेस, दोरे विकणारा मोठा माणूस. त्यानं गुंडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "इकडं टाय यार हाकतार री?" इकडं टाय घालतं कोण, असं त्याचं म्हणणं. दाजींनी त्याच्याइतक्याच शांतपणे त्याला कानडीत सांगितलं, की एक जण घालतो, सध्या तो गावाला गेलाय. व्यापाऱ्यानं दोघांना चहा पाजला आणि गुंडी परत दिली. येताना एसटीत दाजी ती गुंडी रुमालानं पुसत बसले. मला फार वाईट वाटलं. तो एक जण कोण ते मला तेव्हा उमगलं, आणि त्यानंतर मी त्यांना हसलो नाही.

शेवटी तोड काढली ती आक्कानं. तिला ह्या सगळ्याचा वीट आला होता. "अवो, इतकी वर्सं डोस्कं फोडून घेतलं," ती म्हणाली, "आमच्या चोळीला दिसभर काय धरून ऱ्हातंय ते बगा की." आणि तिनं शिवणाच्या डब्यातून एक हूक काढून त्यांच्या पुढ्यात टाकला. दाजींनी तो हूक उचलून उजेडात धरला. पुढच्या रविवारी गुंडी तयार. पितळेची, घासून लख्ख केलेली. तिच्या डोक्यामागून नखाएवढं पान वर आलेलं, त्याच्या टोकाला चोळीचा हूक. गुंडी कॉलरच्या काजात बसायची आणि हूक गाठीला पाठीमागून अलगद धरायचा. पुढून काही दिसायचं नाही. दाजींनी विहीर केली, सायकल केली, चूल केली, शेवटी शेजारच्या म्हशीमागं पळाले. टाय हलला नाही. "आता आण्णा कवाबी येऊ दे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी चार माणसांचं जेवण एकटे जेवले.

ती गुंडी पहिल्यांदा लागली माझ्या गळ्यात, माझ्या लग्नात. मित्रांनी मला हलगीवर एवढं नाचवलं की डाव्या पायातला बूट हरवला, पण टाय नाकासमोर. मांडवभर दाजी माझ्यापुढे उलटे चालत होते, नजर माझ्या गळ्यावर. फोटोत नवरीपेक्षा तेच जास्त खूश दिसतात.

आणि नंतर जे झालं त्याचा दोष माझा. उसनं आणलेलं भांडं रिकामं द्यायचं नाही आणि उसना कपडा मळका द्यायचा नाही, ही आपल्याकडची शिकवण. वस्तीतल्या सगळ्यांना माहीत होतं की कोट धुवायचा, पण टाय आहे तसा कागदात गुंडाळून परत करायचा. माझी बायको काकतीची, नवी. तिला सांगायचं मी विसरलो. मी कचेरीतून आलो तर कोट घडी घालून ठेवलेला, वर नारळ, आणि बाजूला टाय, पट्टीसारखा सरळ, कडक इस्त्रीचा. "गाठ लई घट्ट बसलीती," ती कौतुकानं म्हणाली. "सुईनं सोडवाय लागली. अर्धा तास गेला बघा."

दुसऱ्या दिवशी एसटीत मी तिला सगळं सांगितलं. संकेश्वर येईस्तोवर ती रडत होती, आणि मी कोट-टायचं गाठोडं मांडीवर धरून बसलो होतो. दाजींनी गाठोडं सोडलं. टाय हातात घेतला. किती तरी वेळ ते त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग बायकोकडे बघून म्हणाले, "पोरी, इस्त्री झ्याक केलीयास." एवढंच. आणि टाय घेऊन खिडकीशी जाऊन बसले. आम्ही चहा घेतला, निघालो, तरी ते तिथंच होते. आक्काचा निरोप आला की तीन दिवस दुकान उघडलं नाही.

पुढच्या रविवारी मी भीतभीतच गेलो. बघतो तर घरातल्या सगळ्यांत मोठ्या घागरीच्या गळ्यात टाय, आणि पुढ्यात मांडी घालून दाजी. त्यांनी मला जवळ ओढलं. अकरा वर्षं खिडकीतल्या उन्हानं टाय विटकरी झाला होता, पण गाठीच्या आत दडलेलं कापड अजून तसंच डाळिंबी होतं, काल दुकानातून आणल्यासारखं. कुठली घडी वर होती, कुठली आत, सगळं त्या रंगात लिहिलेलं. दाजींनी रंग बदलायच्या प्रत्येक कडेला पांढऱ्या दोऱ्याचा टाका घातला होता. "उनाला ठावं हाय आण्णानं कशी बांधली," ते म्हणाले. "आता मला बगाय पायजे." पण जमेना. रंगाला रंग मिळायचा, शेवटच्या फेऱ्याला मात्र विटकरी पट्टी आत जायची आणि डाळिंबी बाहेर यायची. तीन-चार रविवार घागर टाय घालून बसली आणि आक्का कळशीनं पाणी भरत राहिली.

मग एका कामाच्या दिवशी दाजी थेट माझ्या कचेरीत आले. स्वच्छ विजार, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात तो टाय, वर सगळीकडे सारखा विटकरी, आणि गुंडीनं धरलेला ताठ. माझ्या टेबलापुढे उभे राहिले. सगळी कचेरी बघत होती.

"उजव्या हातानं हुईत न्हवतं," ते म्हणाले. "काल उगं डाव्या हातानं केलं. एका दमात बसलं." मग खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आण्णा डावखुरा हुता रं. मी इसरलोतो."

त्यानंतर दाजी बदलले. आधी गाठीला हात लावू न देणारा माणूस आता वस्तीतल्या प्रत्येक तरण्या पोराला धरून गाठ शिकवू लागला. ती पण डाव्या हाताची. ऐंशीच्या दशकात पोरं शिकून बाहेर पडायला लागली होती, कुणी पुण्याला, कुणी आखातात. जाणाऱ्या प्रत्येकाला दाजी काडेपेटीत एक पितळेची गुंडी घालून द्यायचे. "दाजी, उलटी दिसतीया ही," पोरं म्हणायची. साहेब लोकांची गाठ ज्या अंगाला कलते, त्याच्या उलट अंगाला ही कलायची. मीही एकदा म्हणालो, की सरळ शिकवा की, माझ्या साहेबांकडून शिकून येतो. दाजी गुंडी घासत होते.

"सरळ तर सगळं जग बांधतंय," ते म्हणाले. "आण्णाच्या नजरंस पडली तर आण्णा थांबंल, इच्यारंल की, ही गाठ कुनी बांधली. म्हनून गुंडी लावून देतो. गाठ खाली घसरली तर दिसनार कशी?"

सुट्टीवर आलेल्या प्रत्येक पोराला ते पहिला प्रश्न विचारायचे, कुणी थांबलं का रं. "न्हाय दाजी," पोरगा म्हणायचा. "व्हय, लई मोठं गाव आसंल ते," असं म्हणून दाजी पुढची गुंडी घासायला घ्यायचे. असं किती वर्षं चाललं. दाजींना जाऊनही आता बराच काळ झाला. आण्णा आले नाहीत.

माझी गुंडी माझ्याकडे आहे. चोळीचा हूक गंजला, पितळ तसंच आहे. आता टाय घालायचा प्रसंग येत नाही, पण बेळगावात एखाद्या लग्नात, कधी स्टँडवर, एखाद्या तरुणाच्या गळ्यात उलट्या अंगाला कललेली गाठ दिसते. कुणाची आहे ते मला ठाऊक असतं. तरी मी थांबतो आणि विचारतो, ही गाठ कुणी बांधली.