दोघींना सारखी जागा

रविवारच्या लढतीची आगाऊ बातमी मलाच लिहायची होती, कारण आमच्या पेपरात खेळाचं पान बघणारी मी एकटीच. आणि विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी पिंजऱ्यात उतरणाऱ्या दोघींपैकी एक माझी सख्खी धाकटी बहीण होती. संपादक म्हणाले, "बहीण आहे म्हणून उद्या कुणी बोट दाखवायला नको. दोघींना सारखी जागा दे. समोरचीलाही भेटून ये."

बहिणीबद्दल कुणाला विचारायची गरज नव्हती. वळसंगचं घर सोडून आम्ही दोघी सोलापुरात एका खोलीत राहत होतो. ती आधी कुस्ती खेळायची, मग ठोसे, लाथा, पकडी सगळंच चालणाऱ्या एमएमएकडे वळली. आई त्याला अजून मारामारीच म्हणते. बहिणीची खरी ताकद पकडीत. समोरचीची कंबर एकदा हाताला लागली की ती खाली आलीच म्हणून समजा. पण त्या आठवड्यात सरावात तिच्या डाव्या बरगडीवर जोराची लाथ बसली होती. हाड शाबूत होतं, तरी कूस बदलताना ती कण्हायची. "हे पेपरात आलं तर बघ," असा दमच तिनं मला दिला होता.

गतवेळची विजेती सांगलीकडची. शुक्रवारी दुपारी मी स्टेशनजवळच्या लॉजवर गेले, तेव्हा ती वजन उतरवायला बाहेर पळायला गेली होती. दार तिच्या आईनं उघडलं. पेपरातून आलेय म्हटल्यावर त्यांनी मला कॉटवर बसवलं, खाली जाऊन चहा सांगून आल्या. आडनाव त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"लई मनावर घेतलंय बघा पोरीनं," त्या पदरानं मान पुसत म्हणाल्या. "उजवा गुडघा हा एवढा सुजलाय. सारखा बर्फ लावतीया. डॉक्टर म्हणाला खेळू नगं, तर म्हणती, मग पट्टा तसाच देऊन टाकू व्हय?"

माझा पेन जागीच थांबला. तेवढ्यात ती दारात आली. कानटोपी, जाड जॅकेट, घामानं निथळणारा चेहरा. तिनं मला बघितलं आणि ओळखलं. आम्हा बहिणींची चेहरेपट्टी एकच.

"आई, काय सांगितलंस हिला?"

"काय न्हाय गं. गुडघ्याचं जरा..."

"ही तिची भन हाय!"

बाईंनी कपाळाला हात लावला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेक मात्र बघत राहिली.

"लिहिणार?" तिनं विचारलं.

"नाही."

"आणि घरी सांगणार?"

चहा तसाच ठेवून मी उठले.

ऑफिसात बातमी लिहायला बसले. आव्हान देणारी जवळ शिरली तर पहिल्याच फेरीत लढत जमिनीवर जाईल. लांबली, तर विजेतीच्या बाजूनं अनुभव आहे, लांबून येणारे ठोसे आहेत आणि चपळ पाय आहेत. 'चपळ पाय' मी खोडलं. मग वाटलं, खोडल्यानंच कुणाला शंका येईल, म्हणून परत लिहिलं. बरगडी नाही, गुडघा नाही. दोघींचे फोटो एकाच मापाचे लावले.

खोलीवर बहीण भिंतीला टेकून बसली होती. सकाळी लढतीआधीचं वजन द्यायचं होतं, त्यामुळे पाणी बंद. ओठांना पापुद्रे सुटलेले.

"कशी वाटली ती?"

"चांगली आहे."

"चांगली म्हंजे? कुटं लागलंय का तिला? चालती कशी?"

"बातमीसाठी गेले होते मी."

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "तुला कायतरी म्हाईत हाय. आन् तू सांगंना झालीस. कुणाची हायस गं तू?"

मी मोरीत जाऊन उगाच हातपाय धूत राहिले. त्यानंतर रविवारपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

लढतीला मी पत्रकारांच्या खुर्चीत बसले. पिंजऱ्याचं दार लागलं आणि मी वही उघडली. पहिल्या फेरीत बहिणीनं विजेतीला दोनदा पाडलं. दुसरीत विजेतीची एक लाथ नेमकी डाव्या बरगडीवर बसली. बहिणीचा हात खाली आला, तो नंतर पूर्ण वर गेलाच नाही. तिसऱ्या फेरीत बहीण सारखी तिच्या उजव्या पायावर लाथा घालत होती. पलीकडं विजेतीची आई डोळे मिटून बसली होती. मीही तेच केलं असतं, पण मला लिहायचं होतं.

पंचांनी गुणांवर निकाल दिला. पट्टा सांगलीलाच गेला.

कपडे बदलायच्या खोलीत मी बहिणीच्या बरगडीला पट्टी गुंडाळत होते. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "गुडघा. म्हाईत होता तुला?"

"होता."

ती म्हणाली, "पयल्याच फेरीत दिसला मला. लई मारल्या त्यावर. त्या लाथांनी पडलीच न्हाय की ती." त्या आवाजात राग होता, आणि राग नसलेलंही काहीतरी होतं. माझ्यावरचा राग गेला का, ते मी विचारलं नाही.

"आईला फोन तू लाव," ती म्हणाली. "मला रडू येईल."

मी फोन लावला. हरलो, हे सांगायच्या आतच आईनं विचारलं, "लागलं न्हाय न्हवं कुटं?"

बहिणीनं फोन माझ्या हातातून घेतला. "न्हाय गं आई," ती म्हणाली, आणि मग खरंच रडायला लागली.