पुण्यातल्या हॉटेलच्या लॉबीत मांडलेल्या तीन नंबरच्या मशिनवर पूर्वी कोण होतं?

गयाबाई, रजियाबी, शांताबाई आणि माझी आई कौसाबाई. जालन्याच्या जुन्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मशिनला कापूस लावण्यात आयुष्य गेलेल्या या चौघींवर दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता अन्याय झाला. कारखाना आधीच बंद पडलेला. तरी खंडेनवमीला वॉचमनला गळ घालून त्या आत गेल्या. रजियाबीनं झेंडूची माळ ओवली, बाकीच्यांनी मशिनला हळदीकुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी ते मशीन माळेसकट ट्रकवर चढलं. एका शब्दानं त्यांना कुणी सांगितलं नाही.

मला माहीत आहे, कारण त्याच सकाळी मी पुण्याला निघाले होते. बसस्टँडला जाणारी आमची रिक्षा त्या ट्रकमागे अडकली. आई उतरली, ट्रकजवळ जाऊन आली आणि म्हणाली, "चल जल्दी, तुझी बस जाईल." माझ्या डोक्यात फक्त नवी नोकरी. मी बसच्या खिडकीतून हात हलवत निघून गेले. त्याची लाज वाटते.

पुण्यानं मला बदललं, लपवत नाही. कॅब, कोल्ड कॉफी, फ्लॅटमेट, सगळं आवडतं. नवी हॉटेलं तर फारच आवडतात. उघड्या विटा, लोखंडी जिने, लोंबणारे पिवळे बल्ब. आमच्याकडच्या शेडमध्ये लोक घाम पुसत बाहेर यायचे, इथं तसल्याच शेडमध्ये लोक फोटो काढायला आत शिरतात.

या उन्हाळ्यात ऑफिसच्या पार्टीला अशाच एका हॉटेलात गेले आणि लॉबीतच थांबले. दिव्यांच्या झोतात आमचं मशीन. लहानपणी आईचा डबा घेऊन जायचे तेव्हा पाहिलेला तो ठोकलेला तीन नंबर, खोबणीत घट्ट बसलेलं कुंकू. खाली पितळी पाटी: 'इंग्लंडमधील यंत्र, जालना'. मी तिथूनच आईला फोन लावला. आनंदानं ओरडलेच, "आई, तुझं मशीन इथं आहे!"

रविवारी आई आली. हॉटेलच्या दारातच चप्पल काढली. गार्ड म्हणाला, "मावशी, चप्पल घाला." "मशिनपाशी न्हाई घालत, बाबा." मशिनभोवती एक चक्कर मारून ती हसायलाच लागली. मॅनेजर धावत आला. "साहेब, उलटं लावलं तुम्ही. रुई भिंतीकडं पाडून राह्यले का?"

मंग काय, अर्धा तास आई आणि लॉबी. कापूस कुठून घालायचा, रुई कुठून येते, सरकी कुठं पडते, बोटं कशी सांभाळायची. पाहुणे जमले, मोबाईल निघाले. आईला इतकी ऐटीत मी कधी पाहिली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "आता आमची नावं टाका खाली. बराबर चौघींची."

मॅनेजर म्हणाला, पाटीवर जागा नाही, डिझाइन बिघडतं.

आठवड्यानं मी पुन्हा गेले. मशीन सरळ झालेलं. पाटीवर एक नवी ओळही: 'स्थानिक माहितीनुसार मांडणी'. म्हणजे जागा होती. माझी आई स्थानिक माहिती झाली.

आई फोनवर म्हणते, "जाऊ दे, सरळ उभं राह्यलं ना." मी जाऊ देणार नाही. जिनिंगच्या जागेवर आता प्लॉट पडलेत. घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी म्हणते, माझ्या माणसांचं काम जिथं त्यांच्या नावानिशी सांगितलं जातं तिथं. ते जालन्यात नसेल, तर पुण्यातल्या लॉबीत करून घेऊ.

जालन्यात राहिलेल्यांनो, घरी जिच्या केसांत रुई अडकलेली असायची, तिला आजच विचारा: कोणत्या जिनिंगला होतीस, कोणत्या मशिनवर? नाव लिहा, इकडे येणाऱ्याच्या हाती द्या; पुढच्या पाट्यांसाठी लागतील. पुण्यात आलेल्यांनो, येत्या रविवारी सकाळी दहाला पुणे स्टेशनच्या मोठ्या दरवाजाशी या. तिथून सगळे मिळून हॉटेलात जाऊ. चहा मागवा, नका मागवू. पण चार नावं कोरायचं मॅनेजर लिहून देईपर्यंत खुर्ची सोडू नका.