कर्णिककाकांनी धुऊन काढलेला मेलबॉक्स

“ई-मेल का ओरिजिनल लाइए, मॅडम,” स्क्रीनवरचे न्यायमूर्ती म्हणाले. “ये तो प्रिंटआउट है.”

मी इंदूरला, छत्रीबागेतल्या माझ्या ऑफिसात, ते त्यांच्या बंगल्यात आणि समोरचे वकील मुंबईत. तिघंही लॅपटॉपपुढे. लॅपटॉपवर बसलेला माणूस लॅपटॉपवर आलेल्या पत्राची मूळ प्रत मागत होता, जणू पोस्टमन ती लिफाफ्यात घालून देऊन गेलाय. मी “येस सर” म्हणाले आणि माइक बंद करून जे बोलायचं ते भिंतीला बोलले.

आधी दोन शब्दांत सांगते. कोर्टात वर्षानुवर्षं चपला झिजवण्यापेक्षा दोन्ही पक्ष मिळून एक पंच नेमतात आणि त्याचा निकाल मानतात. याला म्हणतात आर्बिट्रेशन, आणि पंचाला आर्बिट्रेटर. परदेशी व्यापारात हे फार चालतं, कारण नैरोबीच्या व्यापाऱ्याला इंदूरच्या कोर्टाची पायरी चढायची नसते आणि इंदूरच्याला नैरोबीच्या. आमचे आर्बिट्रेटर निवृत्त न्यायमूर्ती होते. दोनच महिन्यांपूर्वी रिंग रोडवरच्या एका हॉटेलात त्यांचं भाषण झालं होतं. विषय, ‘पेपरलेस व्यापार आणि नवा कायदा’. आमंत्रण कुरिअरनं आलं. भाषण छापून, स्पायरल बांधून प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की ई-मेलनं झालेला करार आपल्या देशात पाव शतकापासून पक्का धरला जातो. खरंच आहे ते. लिहिणाऱ्यानं एकदा वाचायलाही हवं होतं.

माझे क्लायंट म्हणजे पाटणकर. इंदूरजवळ पिथमपूरला त्यांचा कारखाना आहे, शेव-मिक्सचर पिशव्यांत भरणारी मशीनं बनवतात. कारखान्यात मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना भियाच म्हणतात, म्हणजे इंदुरी बोलीत भैया, म्हणून मीही भियाच म्हणते. नैरोबीच्या एका कंपनीनं त्यांच्याकडे दोनशे ग्रॅमच्या पिशव्यांचं मशीन मागवलं. मग मेल पाठवला की दोनशे नको, शंभर ग्रॅमचं करा. भियांनी शंभरचं करून पाठवलं. तिकडे पोचेपर्यंत त्यांचा बाजार बदलला. झालं, ते म्हणाले, आम्ही दोनशेचंच मागितलं होतं, मशीन परत न्या. आणि शंभरचा मेल? असा मेल आम्ही पाठवलाच नाही, तो तुमच्या माणसानं घरी बनवलाय.

तो माणूस म्हणजे रीना वानखेडे. महूची मुलगी, आजोबा फौजेत होते, वडील शाळेत शिक्षक. पाच वर्षं एक्स्पोर्टचं सगळं काम एकटी बघायची. मेल तिनं वाचला, तिनंच वर्कशॉपला कळवलं. आता समोरचा पक्ष लेखी म्हणत होता की मेल बनावट आहे, आणि बनवणारी ती.

मेल दाखवला की विषय संपत होता. प्रत्येक मेलच्या पोटात एक मजकूर असतो, आपल्याला तो दिसत नाही. कुठून निघाला, कुठल्या सर्व्हरवरून गेला, किती वाजता पोचला, सगळं त्यात असतं. ज्याच्या कॉम्प्युटरवर तो मेल आहे त्यानं एक सर्टिफिकेट सही करून द्यायचं, बस. मी भियांना म्हटलं, मेलबॉक्स उघडा. त्यांनी उघडला. आत काहीच नव्हतं.

इथे कर्णिककाकांना आणावं लागेल. काका बँकेतून रिटायर होऊन भियांकडे ऑफिस सांभाळतात. माणूस प्रामाणिक, वक्तशीर, रोज धुतलेला सदरा. त्यांची एक पद्धत आहे. आलेल्या प्रत्येक मेलची प्रिंट काढायची, तिच्यावर ‘रिसीव्ह्ड’चा शिक्का मारायचा, तारीख, सही, आणि फाइलला लावायची. काम झालं की मेल डिलीट. पाठवलेले मेलही तसेच. महिन्याच्या शेवटी मेलबॉक्सातली कचऱ्याची टोपलीही रिकामी. मेल दुसऱ्या कुठे पाठवून ठेवायला मनाई होती, तसं छापील सर्क्युलर होतं.

मी विचारलं, “काका, पण का?”

“शहर स्वच्छतेत नंबर वन आहे, वकीलबाई,” ते म्हणाले. “मग ऑफिस काय घाण ठेवायचं?”

ते पुढे अभिमानानं म्हणाले की महत्त्वाच्या प्रिंटा तर त्यांनी नोटरीही करून ठेवल्यात. नोटरीनं लिहून दिलं होतं, ‘मूळ प्रतीबरहुकूम नक्कल’. मूळ प्रत दाखवली होती का, असं मी विचारलं. काकांनी दाखवली होती. म्हणजे तीच प्रिंट.

ज्या कंपनीकडून मेलची सेवा घेतली होती तिलाही फोन केला. भियांनी सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतला होता, त्यात जुनं काही साठवून ठेवायची सोय नव्हती. लाखालाखांची मशीनं आफ्रिकेत पाठवणारा माणूस मेलसाठी महिन्याला समोसा-कचोरीइतकेही पैसे टाकत नव्हता. आणि सस्पेंड कोण झालं? रीना. काकांना कोणी काही बोललं नाही. काका जुने आहेत ना.

ओरिजिनलची मागणी झाली त्याच आठवड्यात भिया माझ्याकडे आले. हातात पोह्यांचं पार्सल. इंदूरमध्ये माणूस पोहे घेऊन येतो तेव्हा त्याला काहीतरी नको ते मागायचं असतं, हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

“मॅडम, ऐसा है,” ते म्हणाले, “ते लोक सेटल करायला तयार आहेत, पण बनावट मेलचा त्यांचा आरोप खोटा पडायला नको. अपन फक्त इतकं लिहून द्यायचं की मेल रीनानं स्वतःच बनवला, कंपनीला पता नव्हता. मशीन ते ठेवतील, पुढची ऑर्डरही देतील.”

“आणि रीना?”

“तिला समजावू. लहान आहे, कुठेतरी लागेल.”

“खोटा कागद बनवल्याचा ठपका घेऊन कुठे लागेल, भिया?”

त्यांनी पोह्यांचं पार्सल माझ्याकडे सरकवलं. मग हळूच म्हणाले, “तुम्ही माझ्या वकील आहात की तिच्या?”

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्तच झोंबला. मी कंपनीची वकील होते. रीनाची बाजू मला घेता येत नव्हती. मी म्हणाले, “तुमचीच. म्हणूनच सांगते. त्या कागदावर सही तुमची असेल आणि तो खोटा असेल. मी तो ड्राफ्ट करणार नाही. दुसरा वकील बघा.” ते म्हणाले, पुढच्या तारखेपर्यंत थांबतो, म्हणजे दहा दिवस. पोहे मी खाल्ले नाहीत. ऑफिस झाडायला येणाऱ्या बाईंनी नंतर खाल्ले, छान होते म्हणाल्या.

रीना आमची साक्षीदार होती, त्यामुळे तिचा जबाब तयार करायला तिला बोलावता आलं. ती आली, बसली आणि चहा घेण्याआधीच म्हणाली, “मॅडम, नोकरी गेली तर जाऊ दे. पण मी मेल बनवला असं एकदा लिहिलं गेलं, तर एक्स्पोर्टच्या लाइनीत मला कोण उभं करेल? पप्पांना काय सांगू?” तिला सेटलमेंटचं कोणीतरी कारखान्यातून कळवलं होतं. मी त्यावर काही बोलू शकत नव्हते. मी तिच्यापुढे समोरच्या पक्षाचे कागद ठेवले.

हे कागदही बघण्यासारखे होते. मुंबईची मोठी लॉ फर्म, काचेची ऑफिसं, वेबसाइटवर लिहिलंय ‘टेक्नॉलॉजी-फर्स्ट’. त्यांनी पुरावे म्हणून सातशे पानांची एक पीडीएफ पाठवली होती. काकांनी तिचीही प्रिंट काढली होती, प्रत्येक पानावर शिक्का मारून. मी रीनाला कॉम्प्युटरवरची फाइल दिली आणि म्हटलं, ‘शंभर ग्रॅम’ असं सर्च कर. तिनं केलं. काही सापडेना. कुठलाच शब्द सापडेना. मग कळलं की या टेक्नॉलॉजीवाल्यांनीही सगळे मेल आधी कागदावर छापले होते, आणि मग तो कागद स्कॅन केला होता. म्हणजे पानं नव्हती, पानांचे फोटो होते. काका एकट्या पिथमपूरलाच नाहीत, सगळीकडे आहेत, फक्त मुंबईतले टाय लावतात.

स्वतःचंही सांगते. सातशे पानं मी वाचली नव्हती. कुठलाच वकील वाचत नाही. अनुक्रमणिका वाचतो, खुणा केलेली पानं वाचतो आणि चेहरा सगळं वाचल्यासारखा ठेवतो.

रीनानं वाचली. दोन दिवस माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून एकेक पान. डबा आणायची, बेसन आणि पोळी, खाताना डावा हात स्क्रोलवर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली नाही, नुसता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पान पाचशे बारा.

तो मेल बंदराच्या कागदपत्रांविषयी होता, आमच्या भांडणाशी त्याचा काही संबंध नव्हता. जहाज उशिरा लागलं होतं, असं दाखवायला त्यांनी तो जोडला होता. पण नैरोबीच्या त्या परचेस मॅनेजरला एक सवय होती. नवीन विषय काढायचा तरी नवा मेल लिहायचा नाही, हाताशी असेल त्या जुन्या मेललाच रिप्लाय दाबायचा. त्यामुळे बंदराच्या मेलखाली जुना मेल, त्याच्याखाली आणखी जुना, अशी शेपटी लागलेली होती. शेपटीच्या टोकाला बारीक अक्षरांत, त्याचंच नाव, त्याचाच पत्ता: कृपया दोनशेऐवजी शंभर ग्रॅमच्या पिशवीसाठी मशीन बनवावे.

रीना रडली वगैरे नाही. तिनं विचारलं, “मॅडम, याच्यावर त्यांचं सर्टिफिकेट आहे का?”

होतं. पहिल्याच पानावर. सातशेच्या सातशे पानं आमच्या कॉम्प्युटरमधली आहेत आणि खरी आहेत, असं त्याच परचेस मॅनेजरच्या सहीनं लिहिलेलं. मी खुर्चीतून उठून तिच्या पाठीवर थाप मारली. साक्षीदाराच्या पाठीवर थाप मारू नये असा काही नियम नाही, मी तपासलं आहे.

तारखेला मी त्या मॅनेजरला स्क्रीनवर तीनच गोष्टी विचारल्या. सर्टिफिकेट तुमचं? हो. सगळी पानं तुमच्या कॉम्प्युटरची? हो, सगळी. मग पान पाचशे बाराचा खालचा भाग जरा मोठ्यानं वाचता का? त्यानं वाचायला सुरुवात केली आणि ‘शंभर’वर थांबला. त्याच्या वकिलांचा माइक नेमका तेव्हाच बिघडला. दहा मिनिटांनी सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, बनावट मेलचा आरोप आम्ही मागे घेतो. बाकीचा दावाही पुढे फेटाळला गेला, कारण त्यात उरलं काय होतं?

न्यायमूर्ती मात्र उठता उठता म्हणालेच, “फिर भी, मॅडम, ओरिजिनल होता तो अच्छा रहता.”

त्या संध्याकाळी भिया रीनाला घेऊन माझ्याकडे आले. या वेळी हातात मावाबाटी, इथली खव्याची मिठाई. तिला म्हणाले, झालं गेलं विसर, सोमवारपासून ये, पगार वाढवून देतो.

“भिया, आधी लिहून द्या,” रीना म्हणाली. “मी मेल बनवला नव्हता, आणि सस्पेंड करणं चुकीचं होतं. मेलवर. तुमच्या आयडीवरून.”

भियांना वाटलं मेल म्हणजे बोलण्याची एक पद्धत. दोन दिवसांनी कर्णिककाका पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ते सगळं टाइप करून, नोटरी करून, रीनाच्या घरी महूला घेऊन गेले. तिनं त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि स्टॅम्प पेपर परत दिला. शेवटी भिया माझ्याच ऑफिसात बसले आणि एका बोटानं टाइप करत त्यांनी आयुष्यातला पहिला मेल स्वतः लिहिला. अर्धा तास लागला, ओळी चार. रीनानं तो फोनवर वाचला, तिथल्या तिथे तीन ठिकाणी सेव्ह करून ठेवला आणि मग त्याच मेलला रिप्लाय दाबून राजीनामा पाठवला. मी फ्रिजात ठेवलेली मावाबाटी काढून खाल्ली.

आता ती देवासला दुसऱ्या एका एक्स्पोर्टरकडे आहे. नोकरी लागताना तिनं भियांचा तो मेल नव्या मालकाला स्वतःहून दाखवला. तिथे मेलबॉक्स तिच्या ताब्यात आहे.

माझ्यासारख्यांना आता सेमिनारला बोलावतात, कायदा आणखी नवा कसा करायचा ते विचारायला. मी जाते, जेवते आणि सांगते की कायद्याला हात लावू नका, आधी एक शिक्का जप्त करा. लोक हसतात आणि स्पायरल घेऊन घरी जातात.

परवा भियांचा फोन आला. रीनाच्या पी.एफ.च्या कामाला तिनं नोकरी सोडल्याची तारीख हवी होती आणि राजीनाम्याचा मेल काही केल्या सापडत नव्हता. काकांकडे प्रिंट होती, शिक्क्यासकट, पण ऑनलाइन फॉर्मला मेलच जोडायचा होता. ते जरा चाचरत म्हणाले, “मॅडम, तिलाच विचारू का?”

“विचारा,” मी म्हणाले. “तिच्याकडे ओरिजिनल आहे.”