डब्यातल्या स्प्रिंगा

छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या शिंदेमामांनी जेवणाचा डबा उघडला, तर आत तेलाने चमकणाऱ्या स्प्रिंगा! परदेशातून येणारं स्प्रिंगांचं खोकं तीन आठवडे समुद्रात अडकलं होतं आणि आमचा फवारणी पंपांचा कारखाना बंद पडायला आला होता. म्हणून परवा नाइलाजाने मामांना स्प्रिंगचा नमुना दिला होता.

"बाई, बोटीची वाट बघत बसलात. मी इथं दोन गल्ल्या सोडून बसतोय की!"

माझ्या खरेदीच्या यादीत भाव, भाडं, जकात, सगळे रकाने होते. वाट बघण्याचा तेवढा नव्हता. लांबची वस्तू स्वस्त असते खरी, पण तिच्याबरोबर वाटेतला अख्खा समुद्रही पदरी पडतो.

दुपारी पहिल्या पंपाने सणसणीत फवारा मारला. मामा चिंब भिजले आणि सगळा कारखाना टाळ्या वाजवत उभा राहिला.