तू सांग, वैशाली टाइप करील

माझा हात कीबोर्डजवळ गेला आणि सरांनी मध्ये आपली बॅग सरकवली.

"तू उभी राहा. तू सांग, वैशाली टाइप करील."

खुर्च्या दोन होत्या. एकीवर वैशाली बसली. दुसरीवर सरांची बॅग. मी उभी.

जतकडच्या रस्त्यावरच्या एका गावातलं दूध संघाचं ऑफिस. आदल्या दिवशी दसरा झालेला. दोन्ही नव्या कॉम्प्युटरांना हळदकुंकू लागलेलं, मॉनिटरवर झेंडूची माळ, कीबोर्डच्या कडेला आपट्याची पानं. आम्ही साताऱ्याहून सरांच्या गाडीतून आलो होतो. सर म्हणजे मी ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे त्याचे मालक. वैशाली तिथली विद्यार्थिनी, मी शिकवायचे त्या बॅचची. तिचे चुलते या दूध संघाचे चेअरमन.

मला संशय आला. मला संशय लवकर येतो. घरात त्यावरून चिडवतात, हिला आमटीत मीठ जास्त झालं तरी कुणीतरी मुद्दाम टाकलं असं वाटतं म्हणून. चिडवू देत. पण मुलगी म्हणून मला उभं केलं म्हणावं, तर वैशालीही मुलगीच. मी सरांकडं बघत राहिले, तेव्हा ते म्हणाले, "अगं, उद्यापासून मशीन तिलाच चालवायचंय. तिच्या हाताला सवय होऊ दे."

पटण्यासारखं होतं. सरांचं सगळंच पटण्यासारखं असायचं. धक्का देऊन बाजूला काढलं तर माणूस ओरडू तरी शकतो. कारण देऊन काढलं की ओरडणाराच खुळा ठरतो. त्यामुळं मी उभी राहिले.

क्लासमध्येही हेच. सरकारी वसतिगृहातल्या मुलांची एक बॅच होती. त्यांच्या फ्लॉप्या वेगळ्या डब्यात. त्यांना मशीन एकच, कोपऱ्यातलं. कारण काय, तर व्हायरस. बाहेरच्या फ्लॉपीतून व्हायरस येतो. येतो हे खरं. पण गावातल्या डॉक्टरांचा मुलगा घरून गेम घेऊन यायचा, त्याची फ्लॉपी खिशातून थेट मशीनमध्ये. मी एकदा विचारलं. सर हसले.

"कॉम्प्युटरला जात नसते गं. तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

तुम्ही लोक. मी जातीचं नाव काढलं नव्हतं. फ्लॉपीचं काढलं होतं. नोकरी देताना त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. खंडाळा तालुका म्हटल्यावर, गावात घर कुणीकडं हेही विचारलं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, देव विसर्जित केले, पण घर होतं तिथंच राहिलं, गावाच्या खालच्या अंगाला. सरांना तेवढं पुरलं असणार. तेव्हा मात्र मला वाटलं, किती आपुलकीनं चौकशी करतात.

दूध संघाला एक प्रोग्रॅम हवा होता. बाहेर दुधाच्या काट्याजवळ विंडोजचं मशीन, आतल्या खोलीत हिशेबाच्या मशीनवर लिनक्स. दोन्हीकडं तोच प्रोग्रॅम चालला पाहिजे. त्यासाठी एक फ्रेमवर्क होतं. खिडक्या, बटणं, रकाने तयार करून देणारा सांगाडाच म्हणा. एकदा लिहायचं, दोन्हीकडं चालवायचं. फुकट, आणि आतलं सगळं उघडं. कुणीही वाचावं, कुणीही बदलावं. सांगलीत डिप्लोमाला असताना एका मासिकाबरोबर सीडी आली होती, तीत ते मला सापडलं. सरांचा त्यावर विश्वासच बसेना. "फुकट कोण कशाला देईल? काहीतरी काळंबेरं असणार." शेवटी मी क्लासमधल्या दोन्ही तऱ्हेच्या मशीनवर ते बसवलं आणि एकच खिडकी दोन्हीकडं उघडून दाखवली. मग मात्र ते ज्याला त्याला सांगत सुटले, आम्ही असं बसवून देतो म्हणून.

तर मी उभ्यानं सांगत होते. सीडी घाल. फाइल उलगड. आता पाथची ओळ शोध. शेवटी सेमीकोलन दे, पुढं फोल्डरचं नाव लिही. मशीन बंद करून परत चालू कर. वैशाली निमूट लिहीत होती. तिचं माझं काही वाकडं नव्हतं. मध्येच मान वर करून म्हणाली, "मॅडम, तुमी बसा की. मी उठते."

"तू बस," सर तिला म्हणाले.

विंडोजवर काम झालं. आम्ही आतल्या खोलीत गेलो. तिथं चेअरमन बसलेले. वैशाली पुन्हा खुर्चीवर, मी पुन्हा तिच्या मागं. "डॉट, स्लॅश, कॉन्फिगर," मी म्हटलं. मशीन तपासायला लागलं. हे आहे का? आहे. ते आहे का? नाही. एकेक ओळ पडद्यावर वर सरकत होती. मला हे बघायला नेहमी आवडतं. मशीनही कुणावर विश्वास ठेवत नाही, पण काय तपासतंय ते सगळ्यांसमोर लिहितं. माणूस हसत हसत गाव विचारतो आणि उत्तर पोटात ठेवतो.

एका जागी ते अडलं. एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, कुठं ठेवलीय ते त्याला सांगायचं होतं. मी ओळ सांगितली. वैशालीनं मध्ये मोकळी जागा सोडली. चूक आली. पुन्हा सांगितली, पुन्हा तीच मोकळी जागा. माझा हात आपोआप पुढं गेला. मी वाकले आणि ती जागा पुसली.

चेअरमन खुर्चीतूनच बोलले. रागानं नव्हे, सांभाळूनच.

"सर, कालच पूजा झालीया. तेवढं बघा की."

"हो हो," सर म्हणाले. "फोनवर आपलं ठरलंय तसंच. ती फक्त सांगणार."

फोनवर ठरलं होतं. म्हणजे साताऱ्याहून निघायच्या आधी. म्हणजे गाडीत मला बिस्किटं देत होते, सांगलीत माझं कॉलेज कुठं होतं विचारत होते, तेव्हाही ठरलेलंच होतं. तेवढं म्हणजे मी. माझ्या अंगावरून गरम वारं गेल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, आधी लाजच वाटली, मीच काही घाण केल्यासारखी. मग त्या लाजेचाच राग आला. लाज या खोलीत दुसऱ्या कुणाला तरी वाटायला हवी होती.

वैशालीनं हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"पुढं सांग," सर म्हणाले.

"न्हाई सांगत."

सरांशी मी अशी कधी बोलले नव्हते. क्लासमध्ये जाताना मी कपड्यांसारखी जिभेलाही इस्त्री करून जायचे.

"काय म्हणालीस?"

"माझा हात चालत नसंल, तर माझी जीभबी चालायची न्हाई. ती बी त्याच अंगातली हाय."

चेअरमन सरांकडं बघून म्हणाले, "आवं, हिला कोण काय बोललं का?"

खरंच कुणी काही बोललं नव्हतं. एकाही तोंडातून जातीचं नाव निघालं नव्हतं. उद्या मी कुणाला सांगायला गेले असते तर सांगण्यासारखं काय होतं? बॅग, खुर्ची, आपट्याची पानं. मी माझी पिशवी उचलली. सीडी मशीनमध्येच राहू दिली. ती सगळ्यांना मोकळी होती, मी नव्हते. बाहेर येऊन वडापच्या जीपला हात केला.

माझ्यावाचून तिथलं काम अडलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आता सर मागं धावत आले असतील. कुणी आलं नाही. सगळी कृती सीडीतच लिहिलेली होती. सरांनी वाचली, वैशालीनं टाइप केली, संध्याकाळपर्यंत बसलं. वैशालीनंच नंतर सातारा स्टँडवर भेटून सांगितलं. तिला माफी मागायची होती बहुतेक. मी गाडी आली म्हणाले आणि चढले.

क्लासची नोकरी गेलीच. आमचे दादा, म्हणजे वडील, फौजेतून रिटायर झालेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येडे, उभं राहून हुकूम सोडायचा आन् पाटलाच्या पोरीनं राबायचं, आसली नोकरी आपल्यात कुनाला घावली का कवा?"

मला हसू आलं. दादाही हसले, मग थांबले.

"पन हुकूम तुजा नव्हता," ते म्हणाले. "बरं केलंस."

आता मी सांगलीत एकटीच कामं घेते. फ्रेमवर्क बसवून देते. विंडोज असो, लिनक्स असो, जे असेल त्यावर. कुठंही गेले की आधी दारातच विचारते, "कीबोर्डवर कोण बसणार?" मोठ्यानं, ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. बहुतेक जण गोंधळतात. काही म्हणतात, "असं का विचारता मॅडम, आमच्यात तसलं काही नसतं." मी म्हणते, तसलं म्हणजे कसलं? काही कामं दारातच जातात. जाऊ देत. लोक म्हणतात, ही बाई फार संशयी आहे. आहे. संशय घेतल्यानं माझं एखादं काम जाईल. विश्वास ठेवला तेव्हा मी उभी राहिले होते. यापुढं मी उभी राहणार नाही. खुर्ची ओढायची, बसायचं, आणि पहिली कळ मीच दाबायची.